तबकडी गात नाही: सेराटो, ट्रॅक्टर आणि आवाजाचा प्रश्न

या भागात पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे डिजिटल व्हायनल, म्हणजे खऱ्या टर्नटेबलवर खरी तबकडी फिरवून लॅपटॉपमधलं गाणं वाजवायची पद्धत. या सिस्टिम दोन-चार कंपन्यांच्या आहेत, आणि त्यातल्या कुणाचा आवाज चांगला यावर डीजे लोक तावातावाने भांडतात.

माझ्यापर्यंत हा प्रश्न आला तो लोहाऱ्यातून. लोहारा म्हणजे यवतमाळला लागून असलेलं, एमआयडीसीवालं. तिथे माझा एक मित्र डीजे चालवतो. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, अख्खा संच: छोटा हत्ती, त्यावर बेस, टॉप, मशीन आणि मागे जनरेटर. पश्चिम महाराष्ट्रात यालाच डॉल्बी म्हणतात, डॉल्बी कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसताना. तर या मित्राने नागपुरात जुन्यात दोन टेक्निक्सचे टर्नटेबल मिळवले. एसएल-१२०० एमके२, १९७९ साली आलेलं मॉडेल, अजून ठणठणीत. आता लॅपटॉपला जोडायचा बॉक्स घ्यायचा होता. त्याने फोन केला, "भाऊ, सेराटो घेऊ का ट्रॅक्टर? आवाज कोनाचा भारी हाये?" त्याच्या बाबांनी यातला एकच शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं, चला, पोट्टं वावराकडं वळलं एकदाचं.

हसण्यावारी नेता आलं नाही, कारण पैसे आईच्या बचत गटातून कर्ज काढून येणार होते. 'दोन्ही चांगलेच आहेत रे' असं गुळमुळीत उत्तर देऊन चाललं नसतं.

आधी हे चालतं कसं ते सांगतो, कारण अर्धं भांडण तिथेच मिटतं. जुन्या एलपीच्या खाचेत गाणं कोरलेलं असायचं. दमदमच्या कारखान्यात छापलेली एचएमव्हीची तबकडी लावली, की सुई हलते, त्या हालचालीची वीज होते आणि तीच वीज मोठी होऊन स्पीकरमधून ऐकू येते. टाइमकोडच्या तबकडीवर गाणं नसतं. थेट मशीनला जोडून ऐकली तर नुसती एकसुरी शिट्टी ऐकू येते. सेराटोच्या तबकडीवर ती शिट्टी १ किलोहर्ट्झची आहे, ट्रॅक्टरच्या आधीच्या तबकडीवर २ आणि नंतरच्या एमके२ तबकडीवर २.५ किलोहर्ट्झची. डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये ही लहर पाव फेरीने मागेपुढे ठेवलेली असते, त्यावरून तबकडी सरळ फिरतेय की उलटी ते कळतं. शिट्टीचा स्वर चढला की वेग वाढला, उतरला की कमी झाला. आणि लहरींच्या उंचीतल्या बारीक चढउतारात शून्य-एकच्या खुणा दडवलेल्या असतात, त्यावरून सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअरला समजतं.

म्हणजे तबकडी गात नाही, ती फक्त हुकूम देते. गातो तो लॅपटॉप. 'व्हायनलचा ऊबदार आवाज' मिळावा म्हणून कोणी ही सिस्टिम घेत असेल तर त्याला सांगा, ती ऊब आली असेल तर फाइलमधूनच आली असणार.

इतिहास थोडक्यात. पहिली नाव घेण्यासारखी सिस्टिम फायनल स्क्रॅच, ॲमस्टरडॅमच्या एन२आयटी कंपनीची. ती आधी बीओएसवर चालायची, मग स्टँटनने बाजारात आणली तेव्हा लिनक्सवर. (बीओएस आठवणारे श्रोते असतील तर त्यांना माझा दंडवत.) २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने रेनसोबत स्क्रॅच लाइव्ह आणलं, २००७ मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने ट्रॅक्टर स्क्रॅच. फुकटात हवं असेल तर मिक्स आहे, तीन एक्सवालं, आणि एक्सवॅक्स आहे. या दोन्हींचा कोड उघडा आहे, आणि माझ्यासारख्याला ते सोयीचं पडतं, कारण आत काय चाललंय ते डोळ्यांनी वाचता येतं.

आता आवाजात फरक खरोखर कुठे पडतो?

पहिली जागा, वेग. पिच शून्यावर आहे, की लॉक बंद आहे, इक्वलायझर मध्यावर, लिमिटर बंद, आणि तबकडीऐवजी इंटर्नल मोडवर गाणं चालू आहे असं समजा. अशा वेळी सॉफ्टवेअरने फाइलमधले आकडे उचलून तसेच पुढे द्यायचे असतात. हे तपासता येतं. मिक्समध्ये एक वेव्ह फाइल अशी वाजवून मी आतल्या आत रेकॉर्ड केली, मूळ फाइल उलटी करून तिच्यावर बसवली. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज शून्य, म्हणजे शांतता. जवळजवळ शांतताच मिळाली. तुमच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल त्यावर हे करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. हेच तबकडी लावून केलं तर मात्र शांतता मिळत नाही. कारण कोणताही टर्नटेबल काट्यासारखा एका वेगाने फिरत नाही, सूतभर पुढेमागे होतो, आणि सॉफ्टवेअर इमानदारीने तो हेलकावा गाण्यात आणतं. व्हायनलचा गाण्यावर उमटणारा ठसा म्हणाल तर एवढाच.

वेग बदलला की आकडे तसेच देता येत नाहीत. दोन आकड्यांच्या मधला आकडा अंदाजाने काढावा लागतो. एक्सवॅक्स चार शेजारी आकडे घेऊन त्यातून वळणदार रेघ काढतं. सरळ रेघ मारणारं सॉफ्टवेअर असेल तर वरच्या पट्टीत, झांजेच्या आवाजात वगैरे, थोडी कचकच येऊ शकते. फरक आहे, पण चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत ऐकू येण्याइतका.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची: की लॉक. टर्नटेबलवर पिच आठ टक्के वर नेला की गाण्याची चाल वाढते आणि स्वरही चढतो, साधारण सव्वा ते दीड अर्धस्वर. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्याही थोडं वर जाऊन बसतं, ना इकडचं ना तिकडचं. गायिकेचा आवाज लहान मुलीसारखा होतो. ते टाळायला की लॉक दाबतात: चाल वाढते, स्वर जागेवर. इथे सॉफ्टवेअरला गाणं बारीक तुकड्यांत कापून पुन्हा जोडावं लागतं, आणि इथे सिस्टिमा एकमेकींपासून खरोखर वेगळ्या वाजतात. ट्रॅक्टरने २०१८ च्या आवृत्तीत झेडप्लेनचं इलास्टिक ३ घेतलं. सेराटोकडे स्वतःचं पिच अँड टाइम आहे, तेच तर त्यांचं मूळ उत्पादन. मिक्समध्ये साउंडटच आणि रबर बँड यातलं एक निवडता येतं. एक्सवॅक्समध्ये ही सोयच ठेवलेली नाही.

ऐकायचं असेल तर गायकाचा आवाज ऐकू नका, डफडं ऐका. किंवा हलगी, ढोलकी, टिपरीचा कडक ठोका असलेलं काहीही. ठोक्याचा पहिला क्षण फार छोटा असतो, आणि कापाकापीत तोच भरडला जातो. 'टण्ण' ऐवजी 'टर्रण्ण' असं काहीतरी होतं. चाल दोन-तीन टक्केच बदलली तर कोणतीही चांगली पद्धत निभावून नेते. दहा टक्क्यांच्या पुढे सगळ्यांचीच दमछाक. आणि आमच्या वरातीत नाचणाऱ्या पोट्ट्यांना चाल वाढवूनच हवी असते, म्हणून हा मुद्दा लोहाऱ्यात बर्लिनपेक्षा जास्त लागू पडतो.

तिसरी जागा, बॉक्स. भांडणं सगळ्यात जास्त यावर होतात आणि फरक सगळ्यात कमी इथे आहे. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. मागे जनरेटर धडधडत असताना त्याच्या वरचे बिट कोणाला ऐकू येणार? पण मी नुसतं तोंडी सांगून तो ऐकणार नव्हता, म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत घरीच चाचणी केली. उसने आणलेले दोन बॉक्स आणि लॅपटॉपची हेडफोनची पिन. मित्राची पाठ लॅपटॉपकडे, वायरी बदलायला मी. पहिल्या फेरीत त्याने दरवेळी एकच बॉक्स निवडला. मग मी १०० हर्ट्झचा सूर लावला, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्हींचा आवाज मोजला आणि सारखा केला. तो आवडता बॉक्स थोडा मोठ्याने वाजत होता, एवढंच. आवाज समान केल्यावर त्याला दोघांतला फरक ओळखता येईना. मलाही येईना. तुलना करायची असेल तर आधी मल्टिमीटर लावा, नाहीतर मोठा वाजेल तोच 'भारी' ठरतो.

हेडफोनची पिन मात्र त्याने चार्जर लावल्याबरोबर पकडली, एक बारीक गुणगुण येत होती. तेव्हा पिनवरून बॉक्सवर जाणं हा खरा फायदा आहे. स्वस्त बॉक्सवरून महाग बॉक्सवर जाणं, माझ्या मते, आवाजासाठी तरी नाही. एक अपवाद: खरी जुनी एलपी त्याच बॉक्समधून वाजवायची असेल तर आतला फोनो प्रीॲम्प चांगला लागतो, कारण तिथे सुईची वीज स्वतः गाणं असते.

चौथी जागा कोणत्याच कंपनीच्या जाहिरातीत नसते: फाइल. मित्राचा पेनड्राइव्ह उघडला. गाण्यांच्या नावापुढे ३२० लिहिलेलं. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते गाण्याचं चित्र काढून दाखवतं, खाली बेस, वर झांज. बहुतेक गाण्यांचं चित्र १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखं सपाट. १२८ च्या एमपीथ्रीची ही नेहमीची खूण. म्हणजे कुणीतरी यूट्यूबवरून उतरवलं, ३२० म्हणून बदललं, त्यावर आपल्या नावाची आरोळी चिकटवली, दुसऱ्याने ते घेऊन पुन्हा रीमिक्स केलं. पाणी घातलेलं दूध मोठ्या भांड्यात ओतलं तर दूध वाढत नाही. आणि अशा फाइलवर की लॉक लावलं की दोन्ही खराबी एकमेकींवर चढतात.

त्यात पुन्हा लाल दिवा. एक गाणं संपत असताना दुसरं आत घेतलं की दोघांची बेरीज होते, आणि मास्टर आधीच लाल असेल तर लहरीचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत वरच्या सुरांची भर पडते, ती थेट टॉपवर जाते, आणि डायफ्राम उडतो. गेल्या हंगामात त्याचे दोन गेले होते. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या होत्या. सहा डेसिबल मोकळी जागा ठेव आणि कमी पडलेला आवाज मशीनवर वाढव, एवढंच सांगितलं.

मशीनवर वाढव म्हणताना कायदाही सांगावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर उघड्यावर बंद. वरातीच्या संचासमोर ५५ हा आकडा विनोदी वाटतो. पण आमच्याकडे दुर्गोत्सव मोठा असतो, नऊ-नऊ दिवस चालतो, आणि संच जप्त झाला तर सेराटो काय आणि ट्रॅक्टर काय.

तबकडीचं म्हणाल तर गाडीवर ती नेऊच नको म्हटलं. जुन्या एलपीत बेसचा हादरा सुईत शिरून घूं-घूं वाढत जायचं. टाइमकोडमध्ये तसं होत नाही, सुईचा आवाज स्पीकरकडे जातच नाही. पण हादऱ्याने शिट्टी चुकते, वेग चुकीचा वाचला जातो आणि गाणं आजारी माणसासारखं हेलकावतं. हॉलमध्ये, जाड स्पंजवर ठेवून, ठीक. छोट्या हत्तीवर इंटर्नल मोड किंवा साधा कंट्रोलर बरा.

शेवटी कर्ज काढलं नाही. जुन्यातला एक बॉक्स घेतला, त्याच्यासोबत जे सॉफ्टवेअर चालत होतं तेच वापरतो. उरलेल्या पैशातून नव्या सुया, आणि रोज वाजणारी गाणी एक-एक करून विकत.

एक गोष्ट राहिली. चाचणीच्या दिवशी मी गंमत म्हणून सूर चढवत नेले होते, १० किलोहर्ट्झ, ११, १२. मित्र माझ्याच वयाचा, अजून तिशी लागलेली नाही. १३ नंतर त्याने मान हलवली, काही ऐकू येत नाही. मला १६ पर्यंत येत होतं. तेव्हा त्याने सांगितलं की वरातीहून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते, आणि हल्ली दुसऱ्या दिवशीही वाजते. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तो टॉपच्या बाजूला चार-चार तास उभा असतो. फोमचे कानबोळे मी तिथेच त्याच्या हातात दिले, आणि यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओग्राम काढायला घेऊन गेलो.

त्याच्याकडे वायरी ओढायला एक सतरा वर्षांचा पोरगा आहे. त्याला १७ किलोहर्ट्झ स्वच्छ ऐकू येतो. नवीन फाइल आली की आता आधी तो ऐकतो. कानबोळे त्यालाही दिलेत, घालत नाही अजून.