कडुलिंबाचा पाला



1974 सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. पावसाळ्याचे दिवस. थोरला भाऊ जमिनीवर घोंगडी टाकून झोपला होता. पहाटे उठून म्हणाला, "पोटात कळ येतेय." पायावर बारीक खूण होती. सूज नाही, रक्त नाही. घोंगडीखाली साप निघाला. काळा, अंगावर पांढरे पट्टे.

मांत्रिकाला आणलं. त्याने दादाला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. दादा म्हणाला, "कडू लागतो." मग सगळे म्हणाले, "विष चढलं नाही."

पण दादाच्या पापण्या मिटत होत्या. मला दिसत होतं. वाटलं, गाडी जुंपावी, तालुक्याला न्यावं. आईला तसं म्हणालो. ती म्हणाली, "थोरल्यांपुढं बोलू नको." मी गप्प बसलो. एवढी माणसं चुकतील कशी?

दुपारी दादा गेला.

तो साप मण्यार. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही. आधी पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. जिभेच्या चवीवरून विष कळत नाही.

पुढे मी मास्तर झालो. एकदा त्या मांत्रिकाला विचारलं, "बाबा, तुमच्या हातून किती वाचले?"

"पुष्कळ."

"त्यांना कोणते साप चावले होते?"

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, हे कधी कुणी विचारलंच नाही."

तो लबाड नव्हता. कुणाकडून पैसा घेत नसे. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावली तर माणूस मंत्राविनाही वाचतो. विषारी सापदेखील दर वेळी विष सोडतोच असं नाही. वाचले ते मंत्राच्या खात्यावर जमा झाले. मेले ते नशिबाच्या खात्यावर.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर लस आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तापासून ती करतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. चावलेला हात-पाय हलवू नये. आवळून बांधू नये, कापू नये. लगेच दवाखाना गाठावा.

आपल्या जवळच्या दवाखान्यात लस आहे का, ते पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारा. कुणी म्हणेल, "तुम्हाला काय करायचंय?" तरी विचारा.