आधी प्रत, मग दुरुस्ती



जून लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. मालवण, तारकर्ली, देवबागच्या वाऱ्यात हेच मीठ असतं. कॉम्प्युटरचा पंखा ते आत खेचतो आणि ते बोर्डावर बसतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं की तांब्यापितळेचे जोड हिरवे-काळे पडू लागतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांचं निम्मं दुखणं या वाऱ्यात आहे.

मृगाचा पाऊस पडला की फोन सुरू होतात, "दादा, कॉम्प्युटर चालू होणा नाय." पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा, किंवा नुसता बीप-बीप आवाज. अशा वेळी बहुतेकदा रॅमचे संपर्क खराब झालेले असतात. प्लग काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाजूला करून रॅमची पट्टी काढा. तिची सोनेरी कड शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका आणि खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत पट्टी परत दाबून बसवा. एवढ्याने पुष्कळ कॉम्प्युटर उठतात. तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल बदला. घड्याळ चुकलं की बँकेची वेबसाइटसुद्धा उघडत नाही आणि लोक उगाच इंटरनेटला दोष देतात. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत वीज साठून राहते.

आता डिस्क. याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण बाकी सगळं विकत मिळतं.

मी या धंद्यात नवा होतो तेव्हा एक आजोबा कॉम्प्युटर घेऊन आले. गावोगावच्या जत्रांत रात्र-रात्र बसून त्यांनी दशावताराची नाटकं रेकॉर्ड केली होती. त्यांतले काही कलाकार तोवर हयात नव्हते. डिस्क अडखळत होती, मध्येच 'टक... टक' वाजत होती. मी शहाणपणाने विंडोजची चेकडिस्क लावली आणि घरी गेलो. सकाळी डिस्क कायमची गप्प. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करते, डिस्कचं यंत्र नाही. उलट रात्रभर तिने त्या आजारी डिस्कला कोपरान् कोपरा धुंडाळायला लावलं. आधी फाइली उतरवून घेतल्या असत्या, तर त्यांतल्या काही तरी हाती लागल्या असत्या. आजोबा मला एक शब्दही बोलले नाहीत.

म्हणून सांगतो. डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगतं. 'टक टक' ऐकू आली, तर ते टोक जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. तत्काळ बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे जखमेवर घासणं. आवाज नाही, पण फाइल उघडायला मिनिटं लागतायत, कॉपी अर्ध्यावर थांबतेय, तर आधी डिस्कची केबल बदलून बघा, कारण आपल्याकडे केबलच्या टोकालाही गंज धरतो. तरी फरक नसेल, तर जे सगळ्यात मोलाचं आहे ते आधी उतरवा. विंडोज सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवूनही फाइली काढता येतात. आणि पडद्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं, तर कृपा करून 'नाही' म्हणा.

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम महिन्यातून एकदा उघडा. निळ्या 'गुड'ऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं, तर नवी डिस्क त्याच आठवड्यात आणा. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली डिस्क, जाताना आवाज करत नाही, तिच्यावर विसंबून निर्धास्त राहू नका.

आता विजेचं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती. वीज परत येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच प्लग लावा. मेच्या गडगडाटात प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची तारही काढा, वीज तिच्यातूनही येते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की आर्थिंग काम करेनासं होतं, म्हणून आर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. डिस्क खाऱ्या पाण्यात भिजलीच, तर उन्हात वाळवू नका. मीठ चकतीवर सुकून चिकटतं. ओल्या फडक्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवा.

पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर बंद पडून राहू देऊ नका. रोज अर्धा तास चालवा, आतल्या उबेने ओल जाते. झाकायला प्लॅस्टिक नको, सुती कापड घ्या.

आणि फाइलींच्या प्रती दोन करा. पण दोन्ही एकाच घरात ठेवल्यात, तर एकाच विजेत, एकाच उधाणात दोन्ही जातील. चतुर्थीला चाकरमानी घरी येतात. परत निघताना त्यांच्या पिशवीत मोदक आणि खाज्याबरोबर एक डिस्कही द्या, आणि गेल्या वर्षी नेलेली परत मागून घ्या. ती लावून चार-पाच फोटो उघडून बघा, उघडतात ना.