वाचनालयात पोरीचंही नाव घाला

आम्ही उचगावच्या बचत गटातल्या बायका. सुट्टीत पोरांना घेऊन कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन होतं, रंकाळ्यावर भेळ होते. आता त्यात वाचनालयाची एक फेरी घालायचं आम्ही ठरवलंय.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. भारतातला पहिला ग्रंथालय कायदाही १९४५ साली कोल्हापूर संस्थानातच झाला. एवढं जवळ असून आपल्यातल्या कितीतरी जणींनी वाचनालयाचा उंबरा ओलांडलेला नाही.

वाचनालय नव्यानं सजलं की आपण रंग नि फरशी बघतो. पोरांबरोबर गेल्यावर आणखीही बघा. खालच्या फळीवरचं पुस्तक लहान हाताला येतं का? बसायला जागा, प्यायला पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? नसेल तर ग्रंथपालांना गोडीनं सांगा. कपाटाला कुलूपच असेल, तर नवा रंग काय कामाचा?

निघताना वर्गणी किती, अनामत किती, विचारून या. पोराचं नाव घालाल, तसं पोरीचंही घाला. आणि आपलंही. दहावीनंतर एखादीची शाळा सुटली, तरी वाचनालय सुटायला नको. पुढच्या बैठकीला हप्त्याबरोबर एकेक पुस्तकही आणूया.