अंगण आणि कुदळ

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मराठी घरात लहान मुलांनाही ठाऊक असते. तिच्यातील नर्तकाचा अपराध तसा लहानच आहे. आपल्या पायांतील उणेपण तो अंगणाच्या माथी मारतो, अंगणाला नावे ठेवतो आणि घरी निघून जातो. अंगण जसे होते तसेच राहते. दुसऱ्या दिवशी ज्याला खरोखर नाचता येते असा कोणी आला, तर त्याला ते मोकळे असते. परंतु हा नर्तक केवळ तक्रारीवर न थांबता कुदळ घेऊन आला आणि त्याने अंगणच उकरून आपल्या पायांना सोयीचे करून घेतले, तर त्याला काय म्हणावे? म्हण रचणाऱ्याने ज्याची कल्पना केली नव्हती असा हा प्रकार डोंगरवाटांवर सायकल चालविणाऱ्यांच्या जगात आज घडत आहे. अवघड वाटेवर चालविण्याचे कौशल्य मिळविण्याऐवजी वाटेतील अवघडपणाच काढून टाकणारा एक वर्ग तेथे निर्माण झाला आहे.

या खेळाचा इतिहास पाहिला, तर हा प्रकार विशेष विसंगत वाटतो. ज्या सायकलीला जगभर माउंटन बाइक म्हणतात, तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या मरिन परगण्यात झाला असे मानण्यात येते. फेअरफॅक्स या लहानशा गावाजवळ, आग विझविणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता डोंगरावरून सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली येतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी त्या रस्त्यावर पहिली शर्यत लावली. त्यांच्याजवळ जाड टायरांच्या, जुन्या, वजनदार सायकली होत्या. पायडल उलटे फिरविले की मागच्या चाकाचा ब्रेक लागे. त्या भयंकर उतारावर ब्रेक इतका तापे की, आतील वंगण जळून त्याचा धूर निघे, आणि खाली पोचल्यावर तुंब्यात नवे वंगण भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही या मंडळींतील पुढे प्रसिद्धीस आलेली नावे. त्यांना तो उतार जड गेला, तेव्हा त्यांनी उताराला हात लावला नाही. त्यांनी आपला हात सुधारला आणि सायकल सुधारली. जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवे सांगाडे बांधले. पुढे अधिक गिअर आले, धक्के शोषणारे काटे आले, चकतीचे ब्रेक आले. आजच्या सायकलस्वाराच्या हाती जे साधन आहे, ते या पहिल्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते. तेव्हा साधनाच्या उणिवेची सबब आज फारशी उरलेली नाही, हे प्रथमच ध्यानात घ्यावयास हवे.

या खेळाचे दुसरे मोठे तीर्थक्षेत्र म्हणजे कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेकडील डोंगर. तेथे पाऊस पुष्कळ, अरण्य दाट, उतार तीव्र आणि जमीन खडकांनी व मुळांनी भरलेली. १९८० नंतरच्या काळात हौशी मंडळींनी तेथे स्वतःच्या हातांनी वाटा काढल्या. चिखलाच्या जागी त्यांनी देवदाराच्या फळ्यांचे साकव टाकले, आडव्या पडलेल्या प्रचंड ओंडक्यांवरून शिड्या नेल्या, आणि मोठमोठ्या शिळांना वळसा न घालता वाट त्यांच्या अंगावरूनच उतरविली. हा अवघडपणा अपघाताने आलेला नव्हता, तो मुद्दाम निवडलेला होता. १९९७ मध्ये तेथील सायकलस्वारांनी संघटना स्थापन केली. तिचे स्वयंसेवक फावडी घेऊन वाटांची निगा राखतात. अशा वाटा कोणाच्या तरी घामातून, जाणीवपूर्वक उभ्या राहिलेल्या असतात, हे विसरता कामा नये.

आता या वाटांवर काय घडते ते पाहावे. एखाद्या वाटेत गुडघाभर उंचीचा ओंडका आडवा असतो. तो ओलांडता येत नाही म्हणून कोणी दोन्ही बाजूंनी दगड रचून त्याचा उतार करून टाकतो. उतरणीवर एक टोकदार शिळा असते, ती कोणी पहारीने उखडून दरीत लोटतो. ओली मुळे घसरतात म्हणून कोणी रात्री करवत घेऊन येतो. आणि ज्याला एवढेही श्रम नकोत, तो शिळेच्या बाजूने झुडपे तुडवीत नवी वाट पाडतो. पंधरा दिवसांत त्याच्यामागून शंभर चाके जातात, आणि हातभर रुंदीची पाऊलवाट गाडीरस्त्याएवढी फाकते.

यावर असे म्हटले जाते की, एक दगड हलविल्याने असे काय बिघडले? उलट वाट सुरक्षितच झाली. हा युक्तिवाद वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. म्हणून त्याची जरा बारकाईने तपासणी केली पाहिजे.

पहिली गोष्ट वेगाची. खडबडीत उतारावर सायकलस्वार आपोआप सावध होतो, कारण दगडच त्याचा वेग आवरतात. तोच उतार गुळगुळीत केला की वेग वाढतो. पुढच्या वळणावर तो एकाएकी आवरावा लागतो, आणि ब्रेक दाबून दाबून तेथील मातीत पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. संथपणे जाताना दगडावर पडलेला मनुष्य गुडघा फोडून घेतो. भरवेगात झाडावर आदळणाऱ्याची गोष्ट वेगळी. समोरून पायी येणाऱ्या माणसालाही मंद सायकलीपेक्षा वेगवान सायकलीचे भय अधिक.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि मातीची. उतारावरील दगड आणि मुळे यांनी माती धरून ठेवलेली असते. दगड उपटला की त्याच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, तेथून वाहू लागते, आणि दोनतीन पावसाळ्यांत वाटेच्या जागी ओघळ तयार होते. डोंगरात वाट काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : वाटेची चढण ही त्या डोंगरबाजूच्या चढणीच्या निम्म्याहून अधिक नसावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता ती ओलांडून खाली निघून जाते. वाट पाडणाऱ्याने पाण्याशी असा करार केलेला असतो. पहार घेऊन येणाऱ्याला या कराराची वार्ताही नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जाणते वाटकरी पुष्कळदा अवघड वाटेच्या तोंडाशीच तिच्यातील एक कठीण जागा ठेवतात. तो एक प्रकारचा उंबरठा असतो. ज्याला ही शिळा उतरता येत नाही, त्याने पुढे जाऊ नये, असे ती शिळाच सांगत असते, आणि तेही जेथून सहज परत फिरता येईल अशा ठिकाणी. वाटांवर अवघडपणाच्या खुणाही लावलेल्या असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि काळा हिरा म्हणजे कठीण. ही पद्धत बर्फावर घसरण्याच्या खेळातून इकडे आली. परंतु पाटीकडे काणाडोळा करणारे लोक सर्वत्र असतात, शिळेकडे मात्र तसा करता येत नाही. तोंडाशी असलेली शिळा कोणी सोपी केली, तर नवखा मनुष्य निर्धास्तपणे आत शिरतो, आणि अर्ध्या मैलावर, जेथून परत फिरणे कठीण, तेथे खऱ्या संकटात सापडतो. ज्याने ती शिळा सोपी केली, त्याने दुसऱ्या कोणाला तरी खोटी ग्वाही दिलेली असते.

अशा ग्वाहीची किंमत किती असू शकते, हे टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत दिसून आले. हे सामने २०२१ मध्ये झाले. २६ जुलै रोजी इझू येथे पुरुषांची डोंगरी सायकल शर्यत होती. मार्गात एका मोठ्या खडकावरून खाली झेप घ्यावी लागे. सरावाच्या वेळी तेथे उतरती फळी लावलेली होती, प्रत्यक्ष शर्यतीत ती काढलेली होती. नेदरलँडचा मॅथ्यू व्हान डर पूल हा त्या काळच्या श्रेष्ठ सायकलपटूंपैकी एक. फळी जागेवर असेलच या समजुतीने तो आला, पुढचे चाक खाली गेले, आणि तो हँडलावरून फेकला गेला. पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने सुवर्णपदक जिंकले. व्हान डर पूलला ती झेप घेता येत नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. बाकीचे स्पर्धक तेथून झेपावून गेलेच, आणि त्याच्या अंगी त्यांच्याहून कमी कौशल्य मुळीच नव्हते. परंतु खडकावर फळी पडली की डोळा खडक पाहीनासा होतो, तो फळी पाहू लागतो. फळीची सवय एवढ्या थोराचा घात करू शकते, तर ज्याने फळीवाचून खडक कधी पाहिलाच नाही, त्याची अवस्था काय होईल?

मग खडक उतरावयास शिकावे तरी कसे? या विद्येत काही गूढ नाही. पायडले सपाट ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे आणि कोपर वाकते ठेवावेत, उतार येताच शरीराचा भार किंचित मागे व खाली न्यावा. ब्रेक एका बोटाने, हळूहळू दाबावा. ओल्या मुळावरून जाताना चाक आडवे न पडता शक्य तितके काटकोनात न्यावे, आणि मुळावर असताना ब्रेक लावू नये. सर्वांत मोठा नियम नजरेचा आहे. जो दगड टाळावयाचा, त्याकडे टक लावून पाहिले तर चाक नेमके त्याच दगडावर जाते. म्हणून जेथून बाहेर पडावयाचे, तेथे नजर ठेवावी. हे सारे शिकण्यासाठी प्रथम डोंगरात जाण्याचीही गरज नाही. शहरातील पदपथाची वीतभर उंचीची कड त्यासाठी पुरेशी आहे. ती सहज उतरता आली की एक पायरी, मग दोन, आणि मग शिळा. याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. पहारीला एक दुपार पुरते. सगळे भांडण या हिशेबातून निर्माण झाले आहे.

गिर्यारोहकांनी हे भांडण पूर्वीच अनुभवले आहे. दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियात सेरो तोरे नावाचा सुळका आहे. १९७० मध्ये चेझारे माएस्त्री या इटालियन गिर्यारोहकाने पेट्रोलवर चालणारे यंत्र वर चढवून त्याच्या कड्यात शेकडो खिळे ठोकले. त्याआधी दोन वर्षे राइनहोल्ड मेस्नर याने ‘अशक्याचा खून’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून या वृत्तीविषयी इशारा दिला होता. जानेवारी २०१२ मध्ये दोन तरुण गिर्यारोहकांनी त्यांतील शंभराहून अधिक खिळे उपटून काढले, आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रियाचा डेव्हिड लामा केवळ हातापायांच्या बळावर त्याच बाजूने शिखरावर गेला. दोरी त्याने घेतली ती पडल्यास सावरण्यापुरती, वर चढण्यासाठी नव्हे. खिळ्यांवाचून जो मार्ग अशक्य ठरविला गेला होता, तो फक्त पुरेशा तयारीच्या माणसाची वाट पाहत होता.

महाराष्ट्राला तर हा विचार परका वाटण्याचे कारणच नाही. मल्लखांब हा निमुळता, गुळगुळीत खांब. त्यावर हात घसरू नयेत म्हणून कोणी त्याला खाचा पाडीत नाही. उलट त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षण कमी होते आणि अंगावर खरे काम येते. पहिल्या दिवशी मुलगा सरकून खाली येतो. गुरू त्याला पुन्हा पकड शिकवतो. खांबाला पायऱ्या ठोकाव्यात अशी सूचना आजवर कोणत्याही आखाड्यात झाल्याचे ऐकिवात नाही.

अर्थात अवघडपणा म्हणजे पवित्र वस्तू, असाही याचा अर्थ करू नये. कुजलेला साकव काढलाच पाहिजे, वादळात पडलेले झाड हलविलेच पाहिजे, वाहून गेलेली माती भरलीच पाहिजे. परंतु हे काम ज्याची जमीन आणि ज्याची वाट, त्याच्या संमतीने, दिवसाउजेडी व्हावे. नवशिक्यांना, मुलांना, वयस्कांना सोप्या वाटा हव्यात, ही मागणीही रास्त आहे. त्यावरील उपाय म्हणजे सोप्या वाटा नव्याने काढणे. अवघड जागेशेजारी आखून दिलेला, थोडा लांबचा सोपा फाटा ठेवण्याची रीत मोठ्या स्पर्धांतही आहे. सोप्या फाट्याने जाणाऱ्याचे चार क्षण अधिक जातात, परंतु शिळा शिळेच्या जागी राहते.

आणि जेथे असा फाटा नसेल, तेथेही एक वाट प्रत्येकाला मोकळी असते : सायकलीवरून उतरावे, ती हाती धरावी, आणि चालत खाली जावे. यात कमीपणा मुळीच नाही. उत्तम सायकलस्वारही नवी शिळा आली की प्रथम उतरून, वरून-खालून निरखून, मगच चाक घालतात. आज जो उतरून चालला, तो पुढल्या महिन्यात कदाचित सायकलीवरून जाईल. ती संधी त्याची आहे, आणि त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाची आहे. दरीत लोटलेला दगड मात्र पश्चात्ताप झाल्यावर कोणी वर आणून पुन्हा जागेवर बसवीत नाही. म्हणून पहार हाती घेणाऱ्याने एवढाच विचार करावा की, आपण जे काढून टाकीत आहोत, ते केवळ आपल्या वाटेत आलेले नाही. पुढे येणाऱ्या कोणाच्या तरी शिक्षणासाठी ते तेथे ठेवलेले आहे.