पेजेची वाटी

टाळकरी, जरा टाळ थांबवा. आज गाणं थोडं आणि बोलणं जास्त.

उद्या पहाटे आपली गाडी आजरा, आंबोली करत गोव्यात उतरणार. १६ जानेवारीला सांकवाळला संत जोसेफ वाझ यांचा सण. आता गोवा म्हटलं की आपल्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव कोणतं येतं? संत फ्रान्सिस झेवियर. येणारच की. जुन्या गोव्यात त्यांचा देह आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात, माणसांचा पूर लोटतो. आणि आपण ज्यांच्याकडे निघालोय त्यांचा देह कुठं आहे? श्रीलंकेत, कँडी गावात १७११ साली त्यांना पुरलं, आणि ती जागा आज कुणाला दाखवता येत नाही. सांकवाळला आरोग्यमातेचं जुनं चर्च बघाल, तर त्याचा दर्शनी भाग तेवढा उभा आहे. बाकीचं १८३४ च्या आगीत गेलं. थडगं नाही, चर्च पुरतं नाही. मग आपण दर्शन घ्यायचं ते कशाचं?

ऐका. १६५१ साली बाणावलीला जन्म, वडिलांचं घर सांकवाळचं. १६७६ मध्ये गुरुदीक्षा झाली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्टला, या माणसानं स्वतःच्या हातानं एक कागद लिहिला: मी आजपासून मरियामातेचा दास. दास! घरचं बरं होतं, शिक्षण होतं, लोक प्रवचनाला गर्दी करत होते, आणि हे स्वतःला विकून मोकळे. पुढं कानडा मुलखात मंगळूर, कुंदापूरकडं विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली, गोव्यात स्थानिक पाद्रींचा ओरेटरी संघ उभा केला. हे सगळं मोठंच आहे, पण मला तुम्हाला तिथं थांबवायचं नाही.

मला सांगायचंय ते १६८७ सालचं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचा अंमल. कॅथलिक पाद्री दिसला की धरायचा. फादर जोसेफ हमालाच्या वेषात जाफन्याला उतरले, सोबतीला जॉन नावाचा घरचा गडी. प्रवासात दोघांनाही हगवण लागली. अंगात उभं राहायचं त्राण नाही. लोकांना वाटलं साथीचा रोग आहे, यांना गावात नको. नेऊन ठेवलं रानातल्या एका झोपडीत. मरायलाच म्हणा ना. आणि सांगतात, एक बाई रोज पेजेची वाटी घेऊन तिथं येत राहिली. त्या वाटीवर दोघं जगले.

त्या बाईचं नाव काय? कुणी लिहून ठेवलं नाही.

दहा वर्षं पुढं चला. मधल्या काळात त्यांनी काय सोसलं ते थोडक्यात सांगतो. गळ्यात जपमाळ घालून भिकाऱ्यासारखं दारोदार फिरले, जपमाळ बघून कोण ओळखतो ते पाहत लपलेले ख्रिस्ती शोधले, कँडीला पोचले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडले. पावसाचा चमत्कार तर तुम्हाला पाठच आहे. तो मी आज सांगणार नाही. खरं सांगू? चमत्कार ऐकला की आपण हात जोडतो आणि घरी जातो. आपल्याला काही करावं लागत नाही.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला. घरात कुणाला फोड दिसले की त्याला उचलून रानात नेऊन टाकायचं, अशी तिथली रीत. आता बघा, रानातली झोपडी परत आली! फादर जोसेफ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो रानात गेले. आडोसे बांधले, जखमा धुतल्या, पेज भरवली, मेले त्यांना स्वतः खड्डे खणून पुरलं. त्यात बहुतेक बुद्धाला मानणारे. तू कोण, असं विचारलं नाही. जाफन्याच्या त्या बाईनं तरी कुठं विचारलं होतं?

म्हणजे ते नवं काही करत नव्हते. खाल्लेली पेज परत करत होते.

पुढं बिशप व्हा म्हणून विचारणा झाली, तर नको म्हणाले. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं, तेव्हाही संतपदासाठी लागतो तो दुसरा चमत्कार मागितला नाही. मला ते फार आवडलं.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगायला तोंड पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा गावात शिरली, महामार्ग बंद, माणसं शाळाशाळांतून. आम्ही शिधा घेऊन शिरोळकडं गेलो. एका म्हातारीच्या हातात पिशवी देताना फोटो काढणारा म्हणाला, मावशी, जरा वर बघा. तिनं पदर तोंडावर ओढला. मी पिशवी सोडली नाही, फोटो होईपर्यंत धरून उभा! तो फोटो पुष्कळ दिवस माझ्या मोबाईलमध्ये होता. तांदूळ मी दिला होता, व्हय, पण त्याची किंमत तिच्याकडून त्याच जागी वसूल करून घेतली होती.

दुसऱ्याच वर्षी कोरोना आला. कँडीच्या लोकांना नावं ठेवायला आपल्याला जागा राहिली नाही. पोटच्या पोरांनी लांबून हात जोडले. आणि त्याच वेळी वॉर्डात अंगभर प्लास्टिक घालून घामानं भिजलेल्या नर्स होत्या, त्यांत आपल्या कितीतरी सिस्टरही होत्या. मास्कमुळं तोंड दिसत नव्हतं. रोग्यानं घरी गेल्यावर नाव सांगावं तर कुणाचं सांगावं?

म्हणून सांकवाळला मेणबत्ती जरूर लावा, नवस बोला, मुलाबाळांसाठी मागा. त्यात वावगं काही नाही. पण परत आल्यावर एक काम आहे. आपल्या सीपीआर रुग्णालयात गडहिंग्लज, चंदगड, राधानगरीकडून माणसं येतात. रोग्याला खाट मिळते, सोबतचा माणूस व्हरांड्यात सतरंजी टाकून बसतो. खिशात एसटीच्या परतीचे पैसे राखून ठेवलेले असतात, म्हणून चहासुद्धा पीत नाही. पुढच्या रविवारी मिस्सा झाली की आपल्यातली चारपाच जणं थर्मासमधून पेज घेऊन जाणार आहेत. सोबत मीठ आणि लोणचं. बॅनर नाही, मोबाईल खिशात.

यादी केलेली नाही. ज्याला यायचं त्यानं चर्चच्या मागच्या गेटजवळ थांबावं, आणि येताना घरातली एक वाटी आणावी, स्टीलची. कागदी वाटीत पेज गरम राहत नाही.