तिशी, आठ ताटं आणि दोन बाटल्या

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासताना मला कानात घातलं असेल. कुठेही असा, आजचा भाग जरा निवांत ऐका. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर आहेच.

तर बातमी अशी, की मी तीस वर्षांची झाले. हो, झाले एकदाची!

गंमत बघा, आपल्याकडे मोठे वाढदिवस ठरलेले आहेत. साठी झाली की साठीशांत. पंचाहत्तरी झाली की मोठा कार्यक्रम. आणि ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन, म्हणजे माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या असं मानायचं. मी हिशोब करून पाहिला. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला जवळपास ८० वर्षं आणि १० महिने लागतात. अगदी बरोबर बसतं. साठीचंही तसंच. आपली संवत्सरं साठ आहेत. साठ वर्षांनी तुमच्या जन्माचं संवत्सर परत येतं, एक फेरी पूर्ण होते.

पण तिशीचं काय? तिशीला काहीच विधी नाही. आईने सकाळी औक्षण केलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "आता तरी वेळेवर झोपत जा." संपला सोहळा. म्हणून आपण मग आपापले विधी तयार करतो. केक, रील, हॉटेल. मीही केला. आणि तो पहिल्याच दिवशी फसला. आजची गोष्ट त्याचीच.

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, इंजिनीअरिंगपासूनचा. मी नाशिकची. मी ग्रुपवर मेसेज टाकला: फेब्रुवारीतला शनिवार, नाशिकजवळ द्राक्षबागेला लागून असलेलं एक छान रेस्टॉरंट, चार प्रकारच्या वाईन, प्रत्येकाला साडेतीन हजार. पटापट अंगठे आले. चार अंगठे. पाचव्याचं काहीच नाही. निळी खूण दिसतेय, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "सॉरी गं, ऑफिसचं काम आहे."

आता हा कोण, तर ग्रुपमधला सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस. कॉलेजात कुणाचाही वाढदिवस असो, पहिली बाटली हा उघडायचा आणि शेवटी सगळ्यांना रिक्षात हाच बसवायचा. तो येत नाही म्हणजे काय? मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं पैशांची अडचण असेल. फोन केला.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "अगं, मी जूनपासून घेत नाहीये."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे बंद केलीय. हाताबाहेर गेलं होतं. घरी माहितीये, ग्रुपमध्ये कुणाला नाही. तुझ्याकडे आलो आणि हातात ग्लास नसला, तर सगळे विचारणार. आणि हातात ग्लास असला तर..." पुढे तो बोललाच नाही.

मंडळी, मी गप्प झाले. आठ महिने. या आठ महिन्यांत आम्ही दोनदा भेटलो होतो. दोन्ही वेळा तो "अँटिबायोटिक चालू आहे" म्हणाला होता आणि आम्ही त्याची खेचली होती. मीही खेचली होती.

मी लगेच म्हटलं, "वाईन कॅन्सल. काहीच ठेवत नाही." तर तो म्हणाला, "तसं नको करूस. माझ्यामुळे बंद केलीस तर मी आणखीच सगळ्यांच्या डोळ्यांवर येईन. ठेव तू. फक्त दोन गोष्टी कर. जेवण लवकर सुरू कर, रिकाम्या पोटी नुसतं बसायला लावू नकोस. आणि मला कुणी आग्रह करायचा नाही. 'एक घोट घे रे' हे मला ऐकायचं नाहीये."

इथे एक गोष्ट सांगते. हे त्याने सांगितलं म्हणून मी वाईन ठेवली. दुसऱ्या कुणाला समोर बाटलीच नको असेल, तर ती ठेवू नका. नव्याने सोडलेल्या माणसासाठी ते फार अवघड असू शकतं. नियम एकच: अंदाज बांधू नका, विचारा.

मग मी रेस्टॉरंट रद्द केलं. ग्रुपमधल्या एकाचा दिंडोरीकडे मळा आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "या की, बाबांना आवडेल." ठरलं. सहा आम्ही, आणि काका-काकू. आठ ताटं.

जेवणाचं सांगते, कारण अर्धा ग्रुप त्यासाठीच ऐकतोय! आमची एक मैत्रीण जळगावची. तिने तिकडची भरताची वांगी आणली, मोठी, हिरवट-पांढरी. या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तिने ते आम्हाला किमान चार वेळा सांगितलं. वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजली. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातला, वर कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. काकूंनी मटणाचा रस्सा केला. आणि मी नेल्या दोन बाटल्या, एक शेनिन ब्लाँ, एक शिराझ.

वाईन आणि तिखट याबद्दल बरेच जण विचारतात, तर एक सोपी गोष्ट. रेड वाईनमध्ये जो तुरटपणा असतो, टॅनिनचा, तो झणझणीत जेवणाबरोबर जास्तच बोचतो. तिखटही जास्त लागतं. म्हणून भरीत-पुरीबरोबर थंडगार, किंचित गोडसर व्हाईट छान जाते. शेनिन मी तीन तास फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून नेली होती. शिराझ मटणासाठी, पण काकूंना आधीच सांगितलं होतं, "काकू, तिखट जरा बेताचं." चरबीच्या मटणाबरोबर तो तुरटपणा बरा वाटतो. आणि आपल्याकडे 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्या' हे ऐकून लोक ३५ अंशांच्या खोलीत पितात. ती रूम युरोपातली हो! रेडसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

हिशोबही सांगते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोन बाटल्या, दहा ग्लास, पिणारे आम्ही पाच जण. प्रत्येकी दोन. तिसरी बाटली मुद्दाम नेलीच नाही. आणि रात्री सगळे मळ्यातच झोपलो, कुणी गाडीला हात लावला नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतं. पण त्याहीपेक्षा, मळ्यात सकाळी उठण्याची मजा कशाला सोडायची?

काकांची गंमत ऐका. काका कितीतरी वर्षं वायनरीला द्राक्षं देतात, पण वाईन त्यांनी कधी चाखली नव्हती. संध्याकाळी त्यांनी आम्हाला बाग दाखवली. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. मग जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात हेच काम उन्हाळा संपल्यावर, आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालतं. वाईनचं द्राक्ष आपल्या खायच्या थॉमसनसारखं नसतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. रेड वाईनला रंग येतो तो त्या सालीमुळेच. मध्येच काका म्हणाले, "सगळं बरोबर केलं, औषधं मारली, डाऊनी आवरला, आणि ऐन तोडणीला पाऊस आला की मणी तडकतात. मग वर्ष गेलं." हे अगदी साधेपणाने म्हणाले. साडेतीन हजारांच्या ताटावर बसून हे मला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

काकांनी माझ्या ग्लासातून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आंबट आहे गं. आम्ही तर चांगली साखर भरल्यावर माल तोडतो. साखर गेली कुठे?" काका, साखर यीस्टने खाल्ली! तिचंच अल्कोहोल झालं. काका म्हणाले, "मग नुकसानच की." आणि ताकाचा तांब्या पुढे ओढला.

आता मुख्य गोष्ट. मी काय केलं होतं माहितीये? मित्रासाठी ताज्या काळ्या द्राक्षांचा रस काढून घेतला होता आणि तो वाईनच्याच ग्लासात, उंच दांड्याच्या, ओतून त्याच्यासमोर ठेवला. म्हणजे कुणाला कळायला नको. मला वाटलं, काय भारी सुचलंय! त्याने ग्लासाकडे पाहिलं. मग हळूच बाजूला सरकवला आणि काकूंना म्हणाला, "काकू, मला तो स्टीलचा पेला द्या ना, ताक घेतो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसून म्हणाला, "हातात तोच ग्लास नको गं. आणि आता लपवायलाही नको."

आणि भरीत वाढता वाढता त्याने सगळ्यांना सांगितलं. जूनपासूनचं. व्यसनमुक्ती केंद्रात काढलेले दिवस, बायकोने किती सहन केलं ते, आणि अँटिबायोटिकचं खोटं. कुणी काही बोललं नाही. चुलीतला जाळ तेवढा आवाज करत होता. मग जळगावची मैत्रीण म्हणाली, "मग आता तुझ्या वाट्याचं भरीत जास्त. हे तरी नाही म्हणू नकोस." सगळे हसलो. तोही हसला, तोच तो जुना आवाज. काकूंनी न विचारता त्याच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या. या आग्रहाला त्याची हरकत नव्हती!

नंतर बाहेर खाटांवर पडलो होतो. थंडी होती, गोधड्या होत्या. मी सहस्रचंद्रदर्शनाचा माझा हिशोब सांगत होते, की तीस वर्षांत साधारण ३७१ पौर्णिमा होतात. अजून सहाशेच्या वर बाकी आहेत. तर तो अंधारातून म्हणाला, "मी पण मोजतो. माझ्या आठ झाल्या."

मंडळी, त्या रात्री सगळ्यात मोठा वाढदिवस कुणाचा होता, हे मला तेव्हा कळलं. आम्ही कुणीच त्याला टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मी एवढंच म्हटलं, "बाराव्याला इथेच यायचं." काका आतून ओरडले, "या, पण तेव्हा फळछाटणीच्या आधी या, मग मला वेळ नसतो." जूनमध्ये बारा महिने होतात, म्हणजे काकांच्या वेळापत्रकातही बसतं.

वाईन वाईट असं मी म्हणत नाहीये. शेनिन मस्त होती, आणि मी माझे दोन्ही ग्लास मनापासून प्यायले. पण मी पहिला मेसेज टाकला तेव्हा त्यात मेन्यू होता, दर होता, फोटो होते. एक साधा प्रश्न नव्हता: "तुम्हाला कसं जमेल?" ग्रुपवर नाही, एकेकाला वेगळं विचारलेलं. कुणी पीत नसेल, कुणाला साडेतीन हजार जड असतील, कुणाचा उपास असेल. ग्रुपवर माणूस अंगठा देतो किंवा गप्प बसतो. खरं तो फोनवरच सांगतो.

तर पुढचा मोठा वाढदिवस ठरवाल तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी, जो गप्प आहे त्याला फोन करा. आणि ऐकताय तुम्हीच तो गप्प बसलेला माणूस असाल, किंवा तुमच्या घरात कुणी असेल, तर मदत मिळते. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतूनही होतात. जाणं लाजेचं नाही.

ही गोष्ट सांगायला मित्राने परवानगी दिलीय. त्याची अट एकच होती: भरताची कृती नीट सांग. सांगितली बाबा!

भाग आवडला तर तुमच्या ग्रुपवर पाठवा. आणि त्या एकाला वेगळा पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. हे माझ्या आईचं म्हणणं आहे, माझं नाही. चला, बाय!