तिळारी: माथ्यापासून मोरजीपर्यंत

चंदगडचा घाट उतरून आलेल्या आणि डिचोली, पेडणे, बार्देशातून आलेल्या भूगोलाच्या शिक्षक मित्रांनो,

आपल्या सर्वांना इथं दोडामार्गात एका नदीनं बोलावलं आहे.

तिळारी उगम पावते चंदगड तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर. त्या माथ्याच्या पूर्व उतारावरचा पाऊस ताम्रपर्णी, घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेचं पाणी मात्र काही तासांत आमच्या दारात येतं. या उतारावरच वीज होते: माथ्यावर अडवलेलं पाणी खाली कोनाळकट्ट्याच्या वीजगृहात सोडलं जातं, आणि पुढं मुख्य धरणात साठतं.

या धरणाशी जरा थांबतो. 1990 साली महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात करार झाला. पाण्याचा सुमारे 73 टक्के वाटा गोव्याचा ठरला. त्या पाण्यासाठी आयनोडे, सरगवे, पाट्ये, पाल, शिरंगे, केंद्रे या गावांनी घरं, देवळं, कुळागरं सोडली. गोव्यातल्या पाहुण्यांनी जलाशय पाहताना ही नावं मोठ्यानं घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धरणाखाली मणेरीवरून नदी गोव्यात शिरते आणि शापोरा होते. पावसाळ्यात वर विसर्ग वाढला की साळ, इब्रामपूरच्या लोकांची झोप उडते; जुलै 2021 मध्ये तिथं घरांत पाणी शिरलं. आमच्याच तालुक्यातली कळणे नदीही पुढं तिलाच मिळते. मग हळर्णचा किल्ला, कोलवाळ, शिवोली, खाजनांचं खारं पाणी, आणि शेवटी उजवीकडं मोरजी, डावीकडं शापोऱ्याचा किल्ला ठेवून ती अरबी समुद्राला मिळते.

एवढी आखूड नदी, पण शाळेच्या नकाशात ती सीमेपाशी तुटते. आमची मुलं मणेरीपर्यंत शिकतात, पेडण्याची तिथून पुढं. वरच्यांना पूर कळत नाही, खालच्यांना विस्थापन कळत नाही. म्हणून या संमेलनाकडं एकच मागणं आहे: उगमापासून मुखापर्यंतचा एक नकाशा आपण मिळून काढावा. बुडालेली गावं त्यावर असावीत, पुराची पातळी असावी, ओढ्यांची गावठी नावं असावीत. कागद आणि रंग बाहेरच्या मंडपात ठेवले आहेत. जेवणानंतर सर्व तालुक्यांच्या शिक्षकांनी एकाच टेबलाशी बसावं.